घाम कॅमेऱ्यासाठी गाळायचा की लढतीसाठी?

गणपतीला चाकरमानी उतरले की वरंध आणि आसपासच्या वाड्या पाच-सात दिवस भरून जातात. यंदा आमचा भाचा आला तो एका दोस्ताला घेऊन. दोस्त इकडच्याच वाडीतला, आई गावीच असते. दोघेही मुंबईत नोकरीला. भाचा मोबाईलवर छोट्या फिल्मा करतो आणि दोस्त पहाटे-संध्याकाळ एका जिममध्ये ‘एमएमए’ शिकतो.

“मामा, ह्याच्या ट्रेनिंगवर दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी करतोय. चार दिवस घाटात शूटिंग करू. तुम्ही पेपरात लिहिता, जरा बघा की.”

बघायला गेलो आणि चार दिवस अडकलो. त्यात जे पाहिलं ते वाचकांपुढे ठेवावं असं वाटलं, कारण असली पोरं आता महाड-पोलादपूरच्या पुष्कळ घरांत आहेत. घरच्यांना मात्र पोरगा नेमकं काय करतो हे ठाऊक नसतं.

कुस्ती की मारामारी?

पहिल्याच रात्री त्या पोराच्या आईनं मला विचारलं, “भाऊ, ही कुस्ती हाय का मारामारी?”

उत्तर असं की दोन्ही थोडं थोडं. एमएमए म्हणजे मिश्र युद्धकला. कुस्ती, मुष्टियुद्ध, लाथा, सांधे आवळायचे डाव आणि गळ्याची पकड, हे सगळं एकाच लढतीत चालतं. बोटं मोकळी राहतील असे छोटे हातमोजे असतात. व्यावसायिक लढतीत सहसा पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात. सोसेनासं झालं की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हात थापटायचा, पंच तिथंच लढत थांबवतो. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १२ नोव्हेंबर १९९३ रोजी यूएफसी या संस्थेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा नियम नावालाच होते. वजनगट, फेऱ्या, डॉक्टरची तपासणी हे हळूहळू आलं. मुंबईत २०१२ साली सुपर फाइट लीग सुरू झाली आणि आपल्याकडच्या पोरांना हा खेळ जवळून दिसला.

आपल्याला यात परकं वाटावं असं फार नाही. हा पोरगा लहानपणी जत्रेच्या कुस्त्या खेळलेला. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भरत खंडारे हाही मुंबईचा आणि कुस्तीतूनच आलेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला चीनच्या सोंग यादोंगशी त्याची लढत झाली. पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीत सापडून तो हरला.

ही हार कुस्तीवाल्यांनी समजून घेण्यासारखी आहे. आपल्या पैलवानाला पट काढायची सवय. मान खाली घालून समोरच्याच्या पायात शिरायचं. कुस्तीत त्यात फायदाच असतो. इथं मात्र शिरताना मान बाहेर राहिली की समोरचा ती काखेत धरून आवळतो. कुस्तीत खाली गेलेला गडी पालथा पडून चितपट वाचवतो. इथं पालथा पडला की पाठ आणि गळा दोन्ही आयते सापडतात. म्हणजे पैलवानाला नवं शिकावं लागतं, आणि वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं विसरावंही लागतं.

भाच्याला मी म्हटलं, “तुझी फिल्म इथं आहे. त्याला एकच पट शंभर वेळा काढताना दाखव. मान कुठं चुकते ते दाखव.”

त्याचा चेहरा पडला. त्याच्या कागदावर यादी वेगळीच होती: धुक्यात धावणे, धबधब्याखाली जोर-बैठका, कॅमेऱ्याकडे ठोसा, शेवटी डोंगराकडे बघत उभा.

घाटातली सकाळ

यादीत आणखी एक दृश्य होतं, तिथंच घोळ झाला. पोराची लढत महिन्यावर होती. वजन ६५ किलो, खेळायचं ६१ च्या गटात. त्याच्या कोचनं सांगितलेलं की चार आठवड्यांत जेवणातून हळूहळू उतरवायचं, शेवटचं थोडं माझ्या डोळ्यांसमोर. पण प्लास्टिकचा सूट घालून घाम गाळत धावणं मोबाईलवर झकास दिसतं. भाच्यानं गळ घातली, दोस्त ‘नाही’ म्हणाला नाही. पहाटे काही न खाता, पाण्याचा घोट न घेता दोघं वरंध घाटाच्या रस्त्याला लागले. मी मागून स्कूटरवर.

दोन वळणं चढला. भाचा म्हणाला, “अजून एकदा, प्रकाश नीट नव्हता.” पोरगा खाली गेला, पुन्हा चढला. तिसऱ्या खेपेला कठड्याला धरून बसला. पोटऱ्यांत गोळे, डोळ्यापुढं अंधारी. सूट फाडून काढला, पाणी आणि मीठ-साखर दिली. अर्ध्या तासानं रंग आला. मोबाईल मात्र सगळा वेळ चालूच होता.

पावसाळ्यात घाटातल्या दरडीखाली शूटिंग करणंच मुळात शहाणपणाचं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला याच तालुक्यात तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली, हे इथल्या माणसानं विसरू नये. आम्ही विसरलो, तेही एका दृश्यासाठी.

वजनाचा हा खेळ किती जीवघेणा असतो याचे दाखले आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा २१ वर्षांचा यांग जियान बिंग फिलिपाईन्समध्ये लढतीआधी वजन उतरवताना अंगातलं पाणी कमी होऊन दगावला. त्यानंतर ‘वन चॅम्पियनशिप’ या संस्थेनं पाणी तोडून वजन उतरवायला बंदी केली आणि खेळाडूंच्या लघवीची तपासणी सुरू केली. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगाट १०० ग्रॅमनं अपात्र ठरली. आदल्या रात्री तिनं काय काय केलं ते सगळ्या देशानं वाचलं. ती कुस्ती होती, पण काट्याचं दुःख सगळीकडे सारखंच.

एका जुन्या फिल्मची गोष्ट

त्या दुपारी भाच्याला मी मार्क कर याच्यावरच्या डॉक्युमेंटरीची गोष्ट सांगितली. ‘द स्मॅशिंग मशीन’ नावाची ही फिल्म जॉन हायम्स यांनी केली, २००२ साली ती आली. कर हा अमेरिकेतला विद्यापीठ गाजवलेला कुस्तीगीर. १९९७ मध्ये यूएफसीच्या दोन स्पर्धा त्यानं जिंकल्या, मग जपानात लढू लागला. आडदांड, अजिंक्य गडी. पण फिल्ममध्ये दिसतं ते वेगळंच. वेदना मारणाऱ्या औषधांचं व्यसन, इस्पितळ, घरातली भांडणं. २००० सालच्या मोठ्या स्पर्धेत तो हरतो आणि त्याचा दोस्त मार्क कोलमन ती जिंकतो. ज्याच्यावर फिल्म काढली तो हरला, तरी फिल्म टिकली. त्या फिल्मवरून २०२५ साली त्याच नावाचा चित्रपटही निघाला.

“पण मामा, तिथंही वाईट वेळी कॅमेरा चालूच होता ना?” भाच्यानं बरोबर पेच टाकला.

चालू होता. पण करचं दुखणं कॅमेऱ्यामुळं आलं नव्हतं. आमच्या पोराची अंधारी आमच्या ‘अजून एकदा’मुळं आली. जे घडतं ते टिपणं वेगळं आणि टिपण्यासाठी घडवणं वेगळं. खेळाडूच्या अंगावर बेतणारी गोष्ट फिल्मवाल्यानं दुसऱ्यांदा मागू नये, एवढा एक नियम त्या दिवसापासून ठरला.

मग काय टिपलं?

उरलेले दोन दिवस शूटिंग घराच्या पडवीत आणि मुंबईला गेल्यावर जिममध्ये झालं. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी लिहितो.

ट्यूबलाइटखाली मोबाईलच्या चित्रात काळे पट्टे सरकतात. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून चित्रं सेकंदाला २५ आणि शटर १/५० ठेवलं की ते जातात. पत्र्याखाली पाऊस वाजत असेल तर बोलणं टिपू नये, पाऊस थांबेतो थांबावं. माइक लढणाऱ्याच्या अंगावर नको, लागेल आणि मोडेलही, तो कोचच्या कॉलरला लावावा. कोचच्या तोंडून सरावातली निम्मी गोष्ट आपोआप कळते. आणि मॅटवर चप्पल-बूट घालून जाऊ नये. आपल्याकडे आखाड्याच्या मातीत पायताण घालून कोण जातं का? मॅटवरून गजकर्णासारखे त्वचेचे रोग झपाट्यानं पसरतात.

भाच्यानं मग शंभर पट टिपले. सदुसष्टाव्या वेळी मान आत राहिली तेव्हा कोच फक्त “हां” म्हणाला. माझ्या मते फिल्ममधली ती सगळ्यात चांगली जागा आहे. रात्रपाळी करून लोकलमध्ये उभ्यानं झोपलेला पोरगा आहे. आईनं पुढं ठेवलेल्या मोदकांकडं बघून त्यातला एकच उचलणारा पोरगाही आहे.

घाटातलं ते दृश्य काढून टाकायचं असं भाचा म्हणत होता. दोस्तच म्हणाला, “राहू दे. पण खाली लिही, हे कॅमेऱ्यासाठी केलं, कोचनं सांगितलं नव्हतं, असं कुणी करू नका.” तसंच लिहिलं आहे.

फिल्म आधी आईला दाखवली. तिनं घाटाच्या दृश्यावर पदर तोंडाला लावला. संपल्यावर कौतुक वगैरे काही केलं नाही. एवढंच विचारलं, “तिथं तुझ्या वजनाकडं कोण बघतं?” पोरानं कोचचं नाव सांगितलं. “त्येंचा नंबर दे मला लिहून.” कॅलेंडरच्या मागं आता तो नंबर आहे.

ज्यांची पोरं मुंबई-पुण्यात हा खेळ खेळतात त्यांनी हेच विचारावं. वजनाकडं कोण बघतं, डोक्याला मार लागला तर किती दिवस सराव बंद ठेवतात, लढतीच्या जागी डॉक्टर असतो का. या तीन गोष्टींची सरळ उत्तरं मिळाली तर पोराला खुशाल खेळू द्यावं. आडवीतिडवी मिळाली तर पुढची एसटी धरून स्वतः जाऊन बघून यावं.