‘अ’ की ‘द’? आधी ऐकणारीचा विचार करा



मुलांचा अभ्यास घेताना, बँकेत अर्ज लिहिताना, मुलाखतीला बसताना आपल्यापैकी अनेकींचं इंग्रजी तीन बारक्या शब्दांपाशी अडतं : अ, ॲन आणि द. “हे आपल्या मराठीत नाहीच, मग जमणार कसं?” असं म्हणून आपण ते गाळतो, नाहीतर अंदाजाने कुठेही घालतो. पण खरं सांगू? हा भेद तुम्ही मराठीत रोज करता.

“मी स्वयंपाकाला बाई शोधतेय” म्हटलं, तर कोणीही चालेल. “मी बाईंना शोधतेय” म्हटलं, तर रोज येणाऱ्या ठरावीक बाई. एका ‘ना’ने केवढा फरक पडला! गोष्ट सांगतानाही आपण म्हणतो, “एका गावात एक म्हातारी राहायची. ती म्हातारी रोज नदीवर जायची.” आधी ‘एक’, ओळख झाली की ‘ती’. इंग्रजीतही तसंच : आधी ‘ॲन ओल्ड वुमन’, मग ‘दि ओल्ड वुमन’. ‘ॲन’ हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून आला, आणि ‘द’ हा ‘तो, ती, ते’ अशा दर्शक शब्दापासून. म्हणजे नातं जवळचंच आहे.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी कशाबद्दल बोलतेय, ते ऐकणाऱ्याला नेमकं कळेल का? कळणार असेल तर ‘द’. नसेल आणि वस्तू एकच असेल, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’.

बँकेत नवीन कर्ज हवं असेल तर “आय वॉन्ट अ लोन”. आधीच घेतलेलं कर्ज फेडून बंद करायचं असेल तर “आय वॉन्ट टू क्लोज द लोन”. पहिल्याच अर्जात “द लोन” लिहिलंत, तर साहेब विचारतील, “कोणतं कर्ज?” बचत गटात सदस्य अनेक, म्हणून “आय ॲम अ मेंबर”. सचिव मात्र एकच, म्हणून “आय ॲम द सेक्रेटरी”.

आता मराठीची सवय जिथे फसवते ते पाहू. “मी शिक्षिका आहे” यात ‘एक’ नाही, म्हणून आपण “आय ॲम टीचर” म्हणतो. इंग्रजीत “आय ॲम अ टीचर” हवं. मुलाखतीत ही चूक पटकन कानावर येते.

साखर, तांदूळ, दूध, पाणी हे इंग्रजीत एक-दोन असं मोजत नाहीत, म्हणून त्यांना ‘अ’ लागत नाही. “आय लाइक टी” म्हणजे एकूणच चहा आवडतो. “द टी इज कोल्ड” म्हणजे समोरच्या कपातला चहा गार झालाय.

कधीकधी ‘द’ने कामच बदलतं. “माय सन गोज टू स्कूल” म्हणजे मुलगा शाळेत शिकतो. “आय ॲम गोइंग टू द स्कूल” म्हणजे मी पालकसभेला किंवा फी भरायला त्या शाळेत चालले आहे.

‘अ’ की ‘ॲन’, हे अक्षर पाहून नाही, उच्चार ऐकून ठरवा. पुढे स्वराचा आवाज आला तर ‘ॲन’. ‘अवर’मधला एच उच्चारतच नाहीत, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ यू या अक्षराने सुरू होते, पण आवाज ‘य’चा, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एमए’ची सुरुवात ‘ए’च्या आवाजाने, म्हणून ‘ॲन एमए’. अशा स्वरापुढे ‘द’सुद्धा ‘दि’ होतो : ‘दि ॲपल’.

एक मात्र लक्षात ठेवा. बोलताना ‘अ’ किंवा ‘द’ चुकला तरी समोरच्याला बहुतेक वेळा समजतं. त्या भीतीने तोंड मिटून बसू नका. अर्ज लिहिताना मात्र प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारा, “वाचणाऱ्याला कोणती ते कळेल का?” आज संध्याकाळी मुलांना घेऊन बसा आणि स्वयंपाकघरातल्या पाच वस्तूंवर दोन-दोन वाक्यं करा. मुलांबरोबर आपलाही सराव होईल.