पहिली बंदूक : थोडक्या पैशांत कोणती घ्यावी ?

गेल्या वर्षीं दिवाळी आटोपल्यावर आमचा पुतण्या शस्त्रपरवान्याच्या अर्जाचा कागद घेऊन आमच्याकडे आला. बाकीचे सर्व रकाने त्यानें भरले होते. कोणतें शस्त्र हवें, हा एकच रकाना कोरा होता. "काका, येथें रिव्हॉल्वर लिहूं ना ?" असें त्यानें विचारलें. त्या हंगामांत भाताचा दाणा भरत असतां रानडुकरांचा कळप शेतांत शिरला व दीड एकरांतील उभें पीक एका रात्रींत लोळवून गेला. पुढच्या सालीं तरी असें होऊं नये म्हणून त्यानें दुभती म्हैस विकली, आणि तिचे पंचावन्न हजार रुपये शस्त्रासाठीं बाजूला ठेवले. एवढ्या पैशांत जुनें रिव्हॉल्वर मिळेल, असें त्यास बाजारांत कोणी तरी सांगितलें होतें.

त्याच्या मनानें रिव्हॉल्वरच कां घेतलें, हें आम्हांस ठाऊक होतें. त्याचे वडील म्हणजे आमचे धाकटे बंधु. त्यांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें जुन्या बंदुकीनें नेलीं. तो हात पाहतच हा मुलगा लहानाचा मोठा झाला, तेव्हां लांब नळीच्या बंदुकीचा त्यास धसका बसावा यांत नवल नाहीं. त्या प्रकरणांत दोष आमचाही होता; तो पुढें सांगूं.

आमची महसूल खात्यांत चौतीस वर्षें कारकुनी झाली. त्यांतलीं सहा वर्षें शस्त्रपरवान्यांचीं दप्तरें आमच्याकडे होतीं. शेंकडों अर्ज हाताखालून गेले. त्या अनुभवावरून सांगतों कीं, शेतकऱ्याचे पैसे बंदूक घेतांना बुडत नाहींत, हा कोरा रकाना भरतांनाच बुडतात. म्हणून प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत शेतकऱ्याला अनुकूल अशी तरतूद आहे. पीकसंरक्षणाकरितां खरोखर गरज असेल, तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असें त्यांत स्पष्ट आहे. संरक्षणासाठीं किंवा खेळासाठीं गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, आणि तिची नळी २० इंचांहून आंखूड नसेल, तर तीही द्यावी. ठासणीची बंदूक पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पीकसंरक्षणासाठींही गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. अर्थात् अर्जदाराचें वय २१ पूर्ण हवें, पोलिसांचा अहवाल यावा लागतो, आणि नकाराचीं जीं कारणें कायद्यांत आहेत तीं लागूं नसावीं. रिव्हॉल्वर-पिस्तुलांचें तसें नाहीं. त्यांसाठीं अर्जदारास सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. डुकरें भात खातात, हें रिव्हॉल्वरासाठीं कारण होत नाहीं. असे अर्ज महिनोन् महिने फिरत राहून शेवटीं नाकारलेले आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

आणि समजा परवाना मिळाला, तरी उपयोग काय ? कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं 'निर्भीक' नांवाचें बत्तीस बोअरचें, सुमारें पांचशे ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्वर स्त्रियांच्या संरक्षणासाठीं म्हणून काढलें. त्याची किंमत तेव्हांच सव्वा लाखाच्या घरांत होती. मग पंचावन्न हजारांत मिळणारें जुनें रिव्हॉल्वर कसल्या अवस्थेंतलें असेल, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. शिवाय हें शस्त्र समोरासमोरच्या, चार पावलांवरच्या प्रसंगाचें. अंधाऱ्या रात्रीं बांधावरून पळणाऱ्या डुकरावर त्याची बारीक गोळी लागणें दुरापास्त. लागली तरी जनावर पडावयाचें नाहीं, चवताळून अंगावर यावयाचें. आंखूड नळीचें तोंड कोणाकडे वळेल याचाही नेम नसतो. बरोबर राखणीस आलेला गडी बाजूस उभा असतो. पुतण्यास आम्हीं इतकेंच विचारलें : म्हैस विकलीस ती भात राखण्यासाठीं, कीं कमरेला लावण्यासाठीं ? तो हंसला, पण कागद त्यानें पुन्हां घडी करून ठेवला.

सर्वांत स्वस्त म्हणजे ठासणीची बंदूक. कोंकणांत शेतीसंरक्षणासाठीं ती अजून पुष्कळ घरीं आहे. आवाज मोठा, परवाना सुलभ, दुरुस्ती गांवांत होण्याजोगी. पण आमच्याकडच्या पावसांत दारू सर्दावते, टोपी फुसकी निघते, आणि एक बार झाला कीं पुन्हां ठासण्यास वेळ लागतो. तिच्यांतला खरा धोका निराळाच आहे. बार भरून ठेवला आहे हें विसरून, किंवा उडाला नाहीं हें ध्यानांत न येऊन, माणूस त्यावर दुसरा बार ठासतो. म्हणून रिकाम्या नळींत गज बुडापर्यंत घालून तोंडाशीं त्यावर खूण करून ठेवावी. खूण वर राहिली तर आंत कांहीं आहे असें समजावें. ज्याची जमीन थोडी व काम बहुतेक आवाजानें हुसकावण्याचें, त्यानें ठासणीच घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

परंतु ज्यास काडतुसाची बंदूक हवी व पैसा बेताचा आहे, त्यानें एकनळी बारा बोअरची घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी जेवढी, तेवढा नळीचा पोकळ घेर; म्हणून हें नांव. हीं काडतुसें कोणत्याही परवानाधारक दुकानीं मिळतात. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत तीं होतात. बारीक छऱ्यांपासून डुकरासाठीं लागणाऱ्या मोठ्या छऱ्यांपर्यंत सर्व प्रकार एकाच नळींतून चालतात. दुनळीला दुसरा बार हाताशीं असतो हें खरें. पण तिच्यांत तपासावयाच्या नळ्या दोन, कळा दोन, आणि दोन नळ्यांचा सांधा तिसरा. त्याच पैशांत रोगट दुनळी घेण्यापेक्षां निरोगी एकनळी बरी. तींतही बाहेर घोडा असलेली पाहावी. घोडा चढला आहे कीं उतरला आहे, हें नवख्यास दुरूनही दिसतें.

नवी घ्यावयाची तर बिहारांतील मुंगेर येथील परवानाधारक कारखान्यांच्या बंदुका त्या मानानें स्वस्त पडतात. अठराव्या शतकांत नबाब मीर कासिम यानें मुंगेरास राजधानी नेली, तेव्हांपासूनची ही तेथील कारागिरी. पण त्याच गांवाच्या नांवानें बिनपरवाना मालही सर्वत्र फिरतो. ज्या बंदुकीवर कारखान्याचें नांव व क्रमांक ठसठशीत नाहीं, किंवा क्रमांक घासलेला आहे, ती फुकट मिळाली तरी हातांत धरूं नये.

जुनी घ्यावयाची तर कागद आधीं पाहावे, हें कोणीही सांगेल. एका परवानाधारकानें दुसऱ्यास बंदूक विकतांना जिल्हाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावें लागतें, व त्यानंतर ४५ दिवस थांबावें लागतें. आम्हीही १९९८ सालीं कागदच पाहिले. बंधूंनीं एका वृद्ध गृहस्थाची एकनळी चार हजारांस ठरविली होती. आम्ही कचेरींतले, तेव्हां त्यांनीं ती आम्हांस दाखविली. क्रमांक जुळला, परवाना जुळला, विक्रीची सूचना जुळली. आम्हीं "निर्वेध आहे" म्हणून सांगितलें. नळींतून डोकावून पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. नळीवर सापाच्या कातेसारखी नागमोडी नक्षी होती, ती आम्हांस शोभेची वाटली. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवतीं गुंडाळून ठोकून एकजीव केलेल्या जुन्या नळीची ती खूण असते, आणि अशा नळ्या मूळच्या काळ्या दारूसाठीं केलेल्या असतात, हें आम्हांस पुढें कळलें. बंधूंनीं तींत आजच्या बिनधुराच्या दारूचें काडतूस घातलें. तिसऱ्या बारास नळी डाव्या हाताखालीं फाटली. दवाखान्यांत ते आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. आजतागायत बोललेले नाहींत. कागदावर मात्र त्या बंदुकीचा एक अक्षरही दोष नव्हता.

तेव्हां जुन्या बंदुकीचें तोंड उघडून, ती रिकामी आहे हें स्वतः पाहून व बोटानेंही चाचपून, नळी उजेडाकडे धरावी. आंतला उजेड एका सारख्या रेघेनें बुडापासून तोंडापर्यंत जावा. मध्यें सावलीचें कडें दिसलें तर तेथें नळी फुगलेली आहे. काळे ठिपके दिसले तर गंजानें खड्डे पडले आहेत. बाहेरून नळीवर हलकेंच बोट फिरवलें असतां चेपलेली जागा डोळ्यापेक्षां आधीं बोटास लागते. नंतर बंदूक मिटून, दस्ता व नळी दोहों हातांनीं धरून हलवून पाहावी. सांधा खुळखुळला तर ती ठेवून द्यावी. घोडा अर्धा चढवून चाप ओढला तर तो पडतां कामा नये. दस्त्याच्या मानेशीं तडा गेलेला असतो, तो तेलानें व मेणानें बुजवितात. तेथें नख लावून पाहावें. नागमोडी नक्षीची नळी असेल तर किंमत विचारूंच नये.

आणखी एक गोष्ट, जी विकणारासही बहुधा ठाऊक नसते. जुन्या बारा बोअरच्या काडतुसाचें घर ६५ मिलिमीटरचें असतें, व हल्लींचीं पुष्कळ काडतुसें ७० मिलिमीटरचीं असतात. ही लांबी उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. म्हणून ७० चें काडतूस ६५ च्या घरांत न अडतां बसतें, आणि बार उडतांना त्याचें तोंड उलगडण्यास जागा न मिळून नळींतला दाब वाढतो. तें बसलें म्हणजे चालतें, असें समजूं नये. घराची लांबी कारागिराकडून मोजून घ्यावी. बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिरास तपासणीचे जे पैसे द्यावे लागतील, ते बंदुकीच्या किंमतींतलेच धरावे. सौदा त्याच्या होकारानंतर.

बाहेरचा सौदा करण्यापूर्वीं घरांतली बंदूक आहे का, हेंही पाहावें. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानाधारकानें सत्तर वर्षें पूर्ण केलीं, किंवा त्यानें तें शस्त्र पंचवीस वर्षें बाळगलें, तर त्याच्या हयातींतच वारसास त्या शस्त्राचा परवाना मागतां येतो. पुष्कळ घरीं आजोबांच्या मृत्यूनंतर बंदूक ठाण्यांत जमा होते व तेथेंच गंजते, कारण वारसांनीं वेळेवर अर्जच केलेला नसतो.

पैशांचा हिशेब करतांना बंदुकीच्या किंमतीबरोबर परवान्याची फी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, भिंतींत पक्कें बसविलेलें कुलुपाचें कपाट, तेल व साफ करण्याचा गज, आणि सरावासाठीं कांहीं काडतुसें, एवढें धरावें. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीनऐवजीं पांच वर्षें झाली, तेवढा नूतनीकरणाचा फेरा कमी झाला. त्याच दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच शस्त्रें ठेवतां येतात. निवडणुकीच्या वेळीं बंदुका ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम निघतो. २०२४ च्या विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरास झालें, म्हणजे ऐन भातकापणीच्या दिवसांत. अशा वेळीं छाननी समितीकडे सवलतीचा अर्ज करावा. जमा करावीच लागली तर पावती घ्यावी, आणि परत घेतांना नळी तेथेंच उजेडाकडे धरून पाहावी.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, ही चूक जाणत्यांकडूनही होते. रानडुक्कर व रोही हीं वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचींत आहेत. उभ्या पिकास त्यांचा उपद्रव असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच तीं मारतां येतात. मारलेलें जनावर सरकारी मालमत्ता होतें. त्याची वांटणी घरीं नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरतो. गवा, बिबट्या व मोर हे पहिल्या अनुसूचींतले. त्यांच्याकडे नळी वळवूंही नये. नुकसानीची खबर वनखात्यास वेळींच देऊन पंचनामा करून घ्यावा; भरपाईचा अर्ज बंदुकीच्या अर्जाआड येत नाहीं.

पुतण्यानें त्या कोऱ्या रकान्यांत अखेर "एकनळी, बारा बोअर" असें लिहिलें. ठासणी कां पुरत नाहीं, याचें कारण त्यानें सात-बाराच्या उताऱ्यासह व पंचनाम्याच्या नकलेसह जोडलें. उन्हाळ्यांत परवाना आला. त्यानंतर आम्हीं तीन बंदुका पाहिल्या. पहिलीचा सांधा सैल होता. दुसरी दिसावयास फार सुरेख, पण नळींत मध्यावर सावलीचें बारीक कडें होतें. तिसरी साधी, रंग उडालेली, सव्वीस हजारांची. ती आम्हीं उजेडाकडे धरली, आणि मग न बोलतां बंधूंच्या हातीं दिली. त्यांनीं तीन बोटांच्या हातानें नळी पेलून बराच वेळ आंत पाहिलें, नक्षी नाहीं ना हें बाहेरून पाहिलें, आणि "कारागिरास दाखवा," एवढेंच म्हणाले. कारागिरानें घर मोजून होकार दिला आहे. विक्रीच्या सूचनेचे ४५ दिवस पुढच्या पंधरवड्यांत पुरे होतात. तोंवर बापलेक आळीपाळीनें माळ्यावर बसून डबा वाजवीत आहेत.