ड्रायव्हर आधी, कार्ड नंतर

‘एल्डन रिंग’ हा जपानी गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. पीसीवरची त्याची आवृत्ती होती विंडोजची. लिनक्ससाठी वेगळी कुणी काढलीच नाही. विंडोजवर खेळणाऱ्यांची एकच तक्रार होती: ऐन लढाईत चित्र क्षणभर अडखळतं. आणि मग काय झालं? काही दिवसांतच हा गेम लिनक्सवर चालणाऱ्या ‘स्टीम डेक’ या हातात मावणाऱ्या यंत्रावर कमी अडखळू लागला. ज्या सिस्टीमसाठी गेम लिहिला तिथे तो अडतो, आणि जिच्यासाठी लिहिलाच नाही तिथे सुरळीत पळतो! हे घडलं कसं?

याचं उत्तर कळलं की लिनक्सवर गेम खेळण्यासाठी घरी पीसी असेंबल करताना कुठला पार्ट घ्यायचा, हेही बरंचसं कळतं.

गेम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टीमकडे सतत काहीतरी मागत असतो. ही फाइल उघड, हा आवाज वाजव, इथे हा त्रिकोण रंगव. या सगळ्या मागण्या विंडोजच्या भाषेत असतात. ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३ पासून गेम आणि लिनक्स यांच्यामधला दुभाषी म्हणून काम करतो. तो विंडोजची नक्कल उभी करत नाही, गेमची प्रत्येक मागणी लिनक्सला समजेल अशा मागणीत बदलून देतो.

सगळ्यात अवघड भाषांतर चित्राचं. विंडोजवरचे बहुतेक गेम चित्रं काढायला डायरेक्टएक्स वापरतात. लिनक्सवर तेच काम करणारी व्हल्कन ही खुली पद्धत २०१६ मध्ये आली. पुढे फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. चालेना, म्हणून त्यांनी डायरेक्टएक्सचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतला! व्हॉल्व्ह कंपनीने या कामाला पाठबळ दिलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ आणला.

आता वेगाचा विचार करा. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६ लाखांहून जास्त ठिपके असतात. सेकंदाला १४४ चित्रं हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला सात मिलिसेकंदही येत नाहीत. भाषांतर, हिशेब, रंग, सगळं तेवढ्यात! आणि ‘एल्डन रिंग’चं कोडंही इथेच सुटतं. मधे भाषांतराचा थर होता, म्हणून व्हॉल्व्हच्या लोकांना गेमला हातही न लावता त्या थरात दुरुस्ती करता आली.

भाषांतर व्हल्कनपाशी थांबतं. तिथून पुढे ग्राफिक्स कार्डाशी बोलतो तो ड्रायव्हर. म्हणून पार्ट निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, वेगाचाही नाही. याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच आहे का, हा तो प्रश्न.

एएमडीच्या रेडिऑन कार्डांचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. लिनक्स टाका, पडदा उजळतो, काही डाउनलोड करावं लागत नाही. त्याच्या वरच्या थराची कथा तर आणखी नवलाची. रेडिऑनसाठी ‘आरएडीव्ही’ हा व्हल्कन ड्रायव्हर २०१६ मध्ये कंपनीबाहेरच्या दोन प्रोग्रॅमरनी सुरू केला. एएमडीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा होता. २०२५ मध्ये एएमडीने तो बंद केला आणि बाहेरच्यांनी उभा केलेल्या आरएडीव्हीलाच पाठिंबा दिला! इंटेलच्या आर्क कार्डांचे ड्रायव्हरही खुले आहेत. एनव्हिडियाची कार्डं तगडी आहेत आणि मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलशी जोडणारा भाग खुलाही केला. पण गेमसाठी तिचा ड्रायव्हर सहसा वेगळा बसवावा लागतो.

कार्ड कालच बाजारात आलेलं असेल तर मात्र थोडं थांबा. त्याची ओळख असलेलं कर्नल तुमच्या लिनक्सपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. काही महिने जुनं कार्ड घ्या, नाहीतर फेडोरासारखं ताजं कर्नल देणारं लिनक्स वापरा.

प्रोसेसरमध्ये चिंता जवळपास नाही, नवल मात्र भरपूर. रायझन ७ ५८००एक्स३डी या २०२२ च्या प्रोसेसरमध्ये ६४ एमबी कॅशची आणखी एक चिप मूळ चिपच्या डोक्यावर बसवली आहे. दोन्हीकडचं तांबं थेट तांब्याला जोडलेलं, मधे सोल्डरचा डाग नाही! गेमला लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता शेजारीच मिळते आणि चित्रांचा वेग वाढतो. त्यासाठी लिनक्सला वेगळं काही सांगावं लागत नाही.

फसगत होते ती छोट्या गोष्टींत. मदरबोर्डवरची वायफाय चिप कुठली, हे खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं. इंटेलची एएक्स२१० असेल तर निर्धास्त राहा, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. आणि केबल? तिच्यातही राजकारण आहे! एचडीएमआय २.१ खुल्या ड्रायव्हरमध्ये आणायची एएमडीची तयारी होती, पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने परवानगी नाकारली. म्हणून ४के पडद्यावर १२० चित्रांचा वेग हवा असेल तर मॉनिटर डिस्प्लेपोर्टवाला घ्या.

एक अडचण मात्र कुठल्याच पार्टने सुटत नाही. ‘व्हॅलोरंट’सारखे गेम खेळातली लबाडी पकडणारा पहारा थेट विंडोजच्या गाभ्यात बसवतात, आणि तिथे दुभाष्याला प्रवेश नाही. तुमचा जीव अशाच गेममध्ये अडकला असेल तर आधी हे तपासा.

बाकी खातरजमा फार सोपी आहे. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही चालतं, हार्डडिस्कला धक्का न लावता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या दुकानात पीसी जोडून झाला की पैसे देण्याआधी पेनड्राइव्ह लावून सुरू करायला सांगा. टर्मिनलमध्ये ‘lspci -k’ ही आज्ञा द्या. एकेका पार्टचं नाव येईल आणि त्याखाली कर्नलचा कुठला ड्रायव्हर तो पार्ट चालवतो आहे, ते दिसेल. ग्राफिक्स, वायफाय, आवाज, या तिन्हींखाली ड्रायव्हरचं नाव असेल तर खुशाल घ्या. एखाद्याखालची जागा रिकामी असेल तर तो पार्ट तिथेच बदलून मागा.