संगणकातील दप्तराचेही बियाणे राखा

जाणता शेतकरी पेरणीचे सारे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. एका ठिकाणी ओल शिरली किंवा घुशी लागल्या, तरी दुसऱ्या ठिकाणच्या बियाण्यावर पेरणी साधते. गावोगावच्या सोसायट्या, शेतकरी उत्पादक कंपन्या व बचत गट यांच्या संगणकांत साठणाऱ्या दप्तरासही हाच न्याय लागू पडतो.

केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा सोसायट्यांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. शासकीय प्रणालीत भरलेली माहिती मध्यवर्ती ठिकाणी राहते. परंतु सभांची इतिवृत्ते, खतांच्या वाटपाच्या याद्या व भाजीपाल्याचे हिशेब पुष्कळदा एकाच संगणकात असतात. सातबाऱ्याचा उतारा पुन्हा काढता येतो. मात्र सभासदाने केलेला भरणा केवळ त्या संगणकात नोंदलेला असेल व तो बिघडला, तर पुरावा कोठून आणावा?

धोके कोणते?

हार्ड डिस्क पूर्वसूचना न देताही निकामी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या महापुराचे पाणी सांगली-कोल्हापूर भागातील घरादारांत शिरले. अशा वेळी संगणकाशेजारच्या कपाटात ठेवलेली दुसरी प्रतही वाचत नाही. तिसरा धोका खंडणीखोर व्हायरसचा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने अनेक देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या व ब्रिटनमधील रुग्णालयांचेही काम खोळंबले.

प्रती कशा ठेवाव्यात?

तीन प्रती, दोन प्रकारची साधने व एक प्रत अन्यत्र, हा नियम सर्वत्र मान्यता पावलेला आहे. पहिली प्रत संगणकात असतेच. दुसरी बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी. तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. इंटरनेट नसल्यास पेन ड्राइव्हवर घेऊन पुराच्या पाण्यापासून दूर, विश्वासू पदाधिकाऱ्याकडे कुलपात ठेवावी.

प्रत घेताना फोल्डरला त्या दिवसाची तारीख द्यावी व जुनी प्रत लगेच पुसू नये. आजच्या फायलीत चूक शिरली असल्यास मागील आठवड्याची प्रत उपयोगी पडते. काम होताच डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरही व्हायरस पोहोचतो. इंटरनेटवर आपोआप जुळवून घेणाऱ्या सोयीवर सर्वस्वी विसंबू नये. संगणकातील फाईल पुसली की तेथीलही पुसली जाण्याचा संभव असतो.

उगवणशक्ती तपासावी

बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी तपासतात, तद्वतच प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जानेवारी २०१७ मध्ये ‘गिटलॅब’ या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. नेहमीच्या प्रती घेतल्या जात आहेत असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात त्या व्यवस्था चालत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती, म्हणून बहुतेक माहिती वाचली.

आठवड्याचा एक वार ठरवावा, एका व्यक्तीवर ही जबाबदारी सोपवावी व प्रत घेतल्याची नोंद वहीत करावी. ग्रामसेवकांनी गावभेटीच्या वेळी ही वही अवश्य पाहावी. अर्ध्या तासाच्या या कामाने सभासदांच्या घामाचा हिशेब सुरक्षित राहील.