देवगिरीची चढण आणि तळ्याचे पाणी

बीड जिल्ह्यातील शाळांच्या सहली वेरूळला निघाल्या, की वाटेत दौलताबादचा किल्ला हमखास असतो. मुले यादवांचा इतिहास ऐकतात, धापा टाकीत माथा गाठतात आणि परततात. मात्र या किल्ल्याच्या दाराबाहेर बाबासाहेबांच्या बाबतीत जे घडले, ते फार थोड्यांना सांगितले जाते.

प्रथम ही चढण समजून घेऊ. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरी ही राजधानी केली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली आणि नाव दौलताबाद ठेवले. सपाट माळातून सुमारे २०० मीटर उठलेला हा शंकूच्या आकाराचा डोंगर आहे. त्याचा पायथ्याकडील कातळ चहूबाजूंनी उभा तासलेला असून भोवती खंदक आहे. चाँद मिनार, चिनी महाल व मेंढा तोफ मागे टाकून खंदकावरील अरुंद पूल ओलांडला, की ‘अंधारी’ हा डोंगराच्या पोटातून वर नेणारा काळोखा मार्ग लागतो. शत्रू आत शिरला, तर वरच्या तोंडाशी जाळ करून धुराने त्याला कोंडण्याची योजना होती. अंधारीपुढे शेकडो पायऱ्या, मग बारादरी आणि शेवटी माथा. तेथून तटांची वलये आणि दूरवरचा मुलूख एका दृष्टीत येतो. इतिहासात राजांची नावे राहिली. कातळ तासणाऱ्यांची राहिली नाहीत.

आता तो प्रसंग. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. हा मुलूख, आपल्या बीडसह, तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्रवासाने सर्वांचे अंग धुळीने माखले होते. किल्ल्याबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले छोटे तळे होते. काहींनी तेथे हातपाय-तोंड धुतले. मंडळी दरवाजाशी पोहोचतात तोच एक वृद्ध मुसलमान तळे बाटविल्याचा आरडाओरडा करीत मागून आला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी विचारले, हीच तुमच्या धर्माची शिकवण काय? एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्यालाही या पाण्यापासून रोखाल काय? जमाव निरुत्तर झाला. अखेर प्रवेश मिळाला तो अटीवर : किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही. देखरेखीला सशस्त्र शिपाई सोबत दिला गेला.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी. हा प्रसंग एखाद्या समाजाविषयी मनात कटुता भरण्यासाठी सांगावयाचा नाही. जातीचा विटाळ धर्माच्या सीमा ओलांडून कसा पसरतो, हे त्यातून कळते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. देशातील एका ख्यातनाम विद्वानालाही तळ्याचे पाणी मोकळे नव्हते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली.

आणि आणखी एक गोष्ट. त्याच मुलखात, दौलताबादपासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या औरंगाबादेत, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय उघडले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातील आपल्या किती घरांत पहिला पदवीधर तेथून आला, हे वाचकांनीच मोजावे.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती, की मुलांना देवगिरीला अवश्य न्या. ऊन चढण्यापूर्वी निघा, अंधारीसाठी विजेरी घ्या, पाणी भरपूर न्या. दरवाजात शिरण्यापूर्वी मात्र मुलांना थांबवा, हा प्रसंग सांगा आणि सर्वांनी एकाच बाटलीतून पाणी प्या. मग चढा.