डेकवरचं पाणी

दाभोळहून गाडीनं गुहागरला जायचं, तर एक वाट चिपळूणला वळसा घालून जाते आणि दुसरी थेट वाशिष्ठीच्या खाडीवरून. या दुसऱ्या वाटेवर २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट चालते. पुढे वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड, दिघी-आगरदांडा इथंही गाड्या बोटीनं खाडी ओलांडू लागल्या. पाण्यावरचा प्रवास मिनिटांचा असतो. बोटीचा कस लागतो तो काठाला लागताना.

काठ जागचा हलत नाही आणि पाणी सतत वरखाली होत असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउतार. मुंबईत तर पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाची उंची साडेचार मीटरच्या पुढे जाते. म्हणून लहान फेरीबोटींसाठी काँक्रीटचा उतार पाण्यात सोडलेला असतो. पाणी असेल तिथं बोट टेकते, रॅम्प खाली येतो आणि गाड्यांची चढउतार होईपर्यंत इंजिन चालू ठेवून बोट उताराला दाबून धरतात. चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढला की बोट त्या टोकाला दबते. हातवारे करून गाड्या लावणारा खलाशी नुसती जागा भरत नसतो. जड गाडी मधोमध, हलक्या दोन्ही कडांना समसमान, असा तो बोटीचा तोल राखत असतो.

मोठ्या सागरी फेऱ्यांवर उताराऐवजी बंदरातला पूल आणि बंदिस्त वाहन-डेक येतो. गाड्या एका टोकानं आत शिराव्यात आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडाव्यात, यासाठी हा डेक सलग मोकळा ठेवतात, आडव्या-उभ्या भिंतींशिवाय. या सोयीतच धोका दडलेला आहे.

६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरी बेल्जियममधल्या झीब्रुगहून इंग्लंडमधल्या डोव्हरकडे निघाली. झीब्रुगच्या धक्क्यावरचा पूल उधाणाच्या वेळी तिच्या वरच्या वाहन-डेकपर्यंत पोचत नसे. म्हणून पुढच्या टाक्यांत पाणी भरून जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दबवत. ते पाणी पूर्ण उपसलं जाण्याआधीच जहाज निघालं. पुढचे दरवाजे उघडेच होते. ते बंद करण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो केबिनमध्ये झोपला होता आणि दरवाजांची स्थिती दाखवणारा दिवा कप्तानापुढे नव्हता. वेग वाढला तशी नाळेपुढची लाट उंचावली आणि पाणी डेकवर शिरलं. साधारण दीड मिनिटात जहाज कलंडलं. १९३ माणसं गेली.

इतकं मोठं जहाज इतक्या चटकन का कलंडावं? परातीत बोटभर पाणी घेऊन ती किंचित कलती करून पाहा. सगळं पाणी खालच्या कडेला धावतं आणि परात आणखी कलते. डेकवर तेच होतं. जहाज कललं की एरवी त्याची तरणशक्ती त्याला पुन्हा सरळ करते. मोकळं पाणी नेमकं त्या शक्तीविरुद्ध काम करतं. पाण्याची खोली इथं तितकी महत्त्वाची नसते. त्याच्या पृष्ठभागाची रुंदी घात करते, आणि परिणाम रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. डेकच्या मधोमध लांबीच्या दिशेनं एकच भिंत घातली, तर प्रत्येक अर्ध्या भागाचा परिणाम आठव्या हिश्शावर येतो आणि दोन्ही मिळून एक चतुर्थांशावर. पण भिंत घातली की गाड्यांची ये-जा अडते.

या अपघातानंतर दरवाजांची स्थिती दाखवणारे दिवे आणि कॅमेरे आंतरराष्ट्रीय नियमांत आले. तरीही २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ ही फेरी बुडाली. वादळी लाटांनी तिच्या नाळेचं झाकण उखडलं, पाणी वाहन-डेकवर शिरलं आणि ८५२ जणांचा जीव गेला. त्यानंतर उत्तर युरोपातल्या देशांनी एक धाडसी गृहीतक स्वीकारलं: पाणी आत येणारच. अपघातात डेकवर अर्ध्या मीटरपर्यंत पाणी साचलं तरी जहाज तगलं पाहिजे, अशी अट त्यांनी घातली. मला हा बदल दिव्यांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो माणसाच्या सावधपणावर विसंबत नाही.

आपल्या खाड्यांतल्या बोटींचा डेक उघडा असतो, हे त्यांचं मोठं बळ. उसळून आत आलेलं पाणी कडेच्या मोऱ्यांतून बाहेर पडतं. वाळू, चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी त्या मोऱ्या तुंबू न देणं ही इंजिनाच्या देखभालीइतकीच गरजेची देखभाल आहे, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर.