इसब असलेल्या मुलासाठी सनस्क्रीन निवडताना

एप्रिल उजाडला की उन्हाळी शिबिरं, पोहण्याचे क्लास, क्रिकेटचं कोचिंग सुरू होतं, आणि ज्या घरात इसब असलेलं मूल आहे तिथे आईबाबांचा जीव टांगणीला लागतो. घाम आला की कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या लाल होतात, रात्री खाजवून खाजवून कातडी सोलवटते. सनस्क्रीन लावावं तर तेच झोंबतं, न लावावं तर ऊन पोळून काढतं. मग मेडिकलमध्ये जाऊन ‘लहान मुलांचं एखादं चांगलं द्या’ असं सांगितलं जातं आणि ज्या ट्यूबवर हसरं बाळ छापलेलं असतं ती पिशवीत येते. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या बाळावर विसंबू नका. विसंबण्याजोग्या गोष्टी ट्यूबच्या मागच्या बाजूला असतात आणि त्या कुणालाही तपासता येतात.

पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेल्या ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दाचंच बघा. हा शब्द वापरायचा तर कंपन्यांनी चाचण्या करून तो सिद्ध करावा, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये केला होता. दोन सौंदर्यप्रसाधन कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. तेव्हापासून त्या देशात या शब्दाची कायदेशीर व्याख्याच नाही. ज्या कंपनीला तो जसा वापरायचा तसा ती वापरते. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं’ या वाक्याचीही तीच गत. किती जणांवर तपासलं, त्यात इसब असलेली किती मुलं होती आणि निष्कर्ष काय निघाला, हे कुठेच छापलेलं नसतं. ‘किड्स’ लिहिलेल्या कितीतरी ट्यूबमध्ये मोठ्यांच्या सनस्क्रीनमधलेच घटक असतात, फक्त वेष्टन रंगीत असतं.

मागच्या बाजूला काय वाचायचं? आधी ऊन अडवणारे घटक, म्हणजे फिल्टर. त्यांची दोन घराणी आहेत. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजं एका बाजूला. ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन वगैरे सेंद्रिय रसायनं दुसऱ्या बाजूला. खनिजं किरण नुसते परतवून लावतात असं सर्रास सांगितलं जातं, पण तीही बहुतांश किरण शोषूनच घेतात. फरक असा, की ती कातडीच्या वरच्या मृत थरावरच राहतात, खाली फारशी उतरत नाहीत. इसबात कातडीची भिंत आधीच फटीफटींची झालेली असते, म्हणून अशा मुलांसाठी त्वचारोगतज्ज्ञ पहिली पसंती झिंकला देतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा सुरक्षित आणि परिणामकारक मानण्याइतका पुरावा फक्त या दोन खनिजांबाबत आहे असं म्हटलं. दुसऱ्या बारा फिल्टरांविषयी आणखी माहिती मागितली. त्याच सुमारास ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोनसारखे फिल्टर रक्तात उतरतात हे मोजून दाखवणारे अभ्यासही आले. रक्तात सापडले म्हणजे अपाय होतोच असा त्याचा अर्थ नाही, आणि सनस्क्रीन बंद करा असंही कुणी सांगितलेलं नाही. पण खनिजांचा पर्याय हाताशी असताना चार-पाच वर्षांच्या, त्यातून इसब असलेल्या मुलासाठी मी तोच घेईन. ऑक्सिबेन्झोनचं कूळ ॲलर्जीसाठी तर इतकं बदनाम आहे, की त्वचेच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संस्थेने २०१४ मध्ये ‘वर्षातला ॲलर्जीकारक घटक’ म्हणून त्याचीच निवड केली होती.

नावं मात्र चकवतात. ऑक्सिबेन्झोन ‘बेन्झोफेनोन-३’ म्हणून येतं. ॲव्होबेन्झोनच्या जागी ‘ब्यूटिल मिथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन’ असं लांबलचक नाव असतं. पुढे ‘विथ झिंक’ लिहिलेलं असतं आणि मागे झिंकच्या जोडीला तीन-चार रासायनिक फिल्टर असतात. यादीत घटकांचा क्रम जास्तीकडून कमीकडे असतो, त्यामुळे झिंक ऑक्साइड वरच्या चार-पाच नावांत नसेल तर ते नावापुरतंच घातलेलं असण्याची शक्यता मोठी.

बऱ्याचदा मात्र खाज येते ती फिल्टरमुळे नाही, तर सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह यांच्यामुळे. माझ्या भाचीसाठी घरी आलेल्या ट्यूबवर ‘सेन्सिटिव्ह’ होतं, ‘नॅचरल’ होतं, झिंकही होतं. पोहायला जाण्याआधी तिला ते लावलं, आणि संध्याकाळपर्यंत मानेवर आणि कानामागे बारीक लाल पुरळ उठलं. ट्यूब उलटी धरून मोबाइलच्या उजेडात वाचली, तर यादीच्या शेवटच्या ओळीत लॅव्हेंडरचं तेल, लिनालूल आणि लिमोनिन. तिघंही सुवासाचे घटक, वनस्पतींतून येणारे, आणि तिघंही ॲलर्जीसाठी ओळखीचे. नैसर्गिक आहे म्हणून कातडी ते सोसेलच असं नाही. लिंबू, चंदन, हळद यांचं वावडं असलेली माणसंही असतातच. लेबलावर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ दिसलं की ती ट्यूब खाली ठेवावी. ‘अनसेंटेड’वरही थांबू नये, कारण मूळ वास झाकण्यासाठी त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो, ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हवं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह आणि डिनेचर्ड अल्कोहोल या दोन नावांवरही नजर ठेवा. अल्कोहोल सोललेल्या कातडीवर आग लावतं.

आता आकडे. एसपीएफ हा आकडा कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपुरता असतो. एसपीएफ ३० त्यातले साधारण ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणून शंभराच्या मागे धावण्यात अर्थ नाही. ३० ते ५० पुरे. यूव्हीए किरण खोलवर जातात, काचेतूनही बरेचसे आत येतात, म्हणजे स्कूलबसच्या खिडकीशी बसलेल्या मुलालाही ते लागतात. त्यांच्यासाठी पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हं बघायची. ही जपानची पद्धत, १९९६ पासूनची. निदान तीन चिन्हं असावीत. युरोपीय पद्धतीच्या ट्यूबवर वर्तुळात ‘यूव्हीए’ ही अक्षरं असतात. त्याचा अर्थ, यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश आहे.

छापलेला आकडा खरा असतो का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ऐरणीवर आला आहे. ऑस्ट्रेलियात उन्हाची धास्ती मोठी, नियम कडक. तिथल्या ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये वीस सनस्क्रीन तपासली, तेव्हा त्यांपैकी सोळा आपल्या छापील एसपीएफला पुरी पडली नाहीत. एसपीएफ ५० पेक्षा जास्त असल्याचा दावा करणारं एक महागडं, झिंकचं सनस्क्रीन तर पहिल्या चाचणीत चारवर आलं, आणि पुढे कंपनीने ते बाजारातून परत घेतलं. म्हणजे झिंक आहे एवढ्यावरही निश्चिंत होता येत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडेही दोन मोठ्या कंपन्या सनस्क्रीनच्या एसपीएफवरून केलेल्या जाहिरातींच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

अमेरिकेत सनस्क्रीन औषध म्हणून तपासलं जातं, भारतात ते कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. त्यामुळे खात्री करून घेण्याचा बराचसा भार आपल्यावरच येतो. कंपनीला सरळ विचारा: तयार मालाची एसपीएफ चाचणी माणसांवर झाली आहे का? या चाचणीत निदान दहा जणांच्या पाठीवर मोजून लेप देतात आणि कातडी कितपत लाल होते ते बघतात. काही कंपन्या आपले अहवाल खुले ठेवतात. विचारूनही नुसतं गोड उत्तर देणाऱ्या कंपनीपेक्षा त्यांना पसंती द्यावी. वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत हवीच. अनोळखी विक्रेत्याकडून ऑनलाइन सवलतीत घेण्याऐवजी मेडिकलमधून बिलासकट घ्या. आणि ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत जो उष्मा होतो त्यात कुठलंही क्रीम फाटतं. पाणी आणि चिकट गोळा वेगळा झालेला दिसला तर ते टाकून द्या.

प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चार वर्षांच्या मुलाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण सात हजार चौरस सेंटिमीटर धरलं, तर सगळ्या अंगाला एका वेळी चौदा ग्रॅम लागेल. पन्नास ग्रॅमची ट्यूब साडेतीन वेळांत संपेल, आणि घराबाहेर असताना दर दोन तासांनी, पोहून आल्यावर तर लगेच, पुन्हा लावायचं असतं. कुठल्या घराला हे परवडेल? म्हणून इसबाच्या मुलासाठी खरं सनस्क्रीन म्हणजे कपडे, असं मी म्हणेन. दाट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा, मान झाकणारी रुंद काठाची टोपी, पोहताना पूर्ण बाह्यांचा स्विमसूट. पांढरा पातळ टी-शर्ट ओला झाला की त्यातून किरण अधिकच आत जातात, तेव्हा पाण्यात त्यावर भिस्त नको. ट्यूब उरलेल्या भागांसाठी: चेहरा, कान, मानेचा मागचा भाग, हातापायांचे पंजे. तिथे मात्र हात आखडता घेऊ नका.

स्प्रे मुलांसाठी घेऊ नये, तो श्वासात जातो. लोशन किंवा क्रीम घ्या, डोळ्यांभोवती स्टिक बरी. आधी नेहमीचं मॉइश्चरायझर, ते मुरल्यावर सनस्क्रीन, आणि डासांचं मलम लावायचं असेल तर ते सगळ्यात वर. डास आणि ऊन दोन्हींसाठी एकत्र बनवलेलं क्रीम टाळावं, कारण सनस्क्रीन पुन्हा पुन्हा लावायचं असतं आणि डासांचं औषध नाही. इसबावरचं टॅक्रोलिमसचं मलम चालू असलेल्या मुलांना उन्हापासून जपा, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच सांगितलेलं असतं. झिंकचा पांढरट थर सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसतो आणि शाळेत मुलं चिडवतात. आयर्न ऑक्साइड घातलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन मिळतं, ते अशा मुलाला द्यावं. मूल लावूनच घेत नसेल तर उत्तम सनस्क्रीनही कपाटात पडून राहतं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि कपडे. आजी त्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरते त्यात काही वावगं नाही. जपायचं ते दहा ते चारच्या उन्हापासून. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी यूव्ही निर्देशांक अकराच्या घरात जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती सर्वांत वरची पायरी आहे. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली की त्याला घरात बोलवा. ड जीवनसत्त्वाची काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून थेंब द्या. भाजक्या उन्हात ते शोधू नका.

आणि नवी ट्यूब आणली की लगेच तोंडाला फासू नका. इसब शांत असताना हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर रोज दोनदा आठवडाभर लावून बघा. लावल्या लावल्या चुणचुण होऊन दहा मिनिटांत थांबली तर ती बहुधा ॲलर्जी नसते, कातडी कोरडी असल्याची खूण असते. दोन-चार दिवसांनी त्याच जागी खाज, बारीक फोड, लाली आली तर थांबा. काही ॲलर्जी ऊन लागल्यावरच उमटतात, तेव्हा शेवटचे एक-दोन दिवस ती जागा थोडी उन्हातही जाऊ द्या. पुरळ आलंच तर ट्यूब फेकू नका. तिचा खोका, बिल आणि घरात मुलाच्या अंगाला लागणारा साबण, तेल, पावडर हे सगळं घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. नेमक्या कुठल्या घटकाचं वावडं आहे हे त्यातून कळू शकतं, आणि मग दुकानात मागच्या यादीत तेवढं एक नाव शोधलं की काम भागतं.